बालशिक्षिका प्रशिक्षण : जव्हार-मोखाडा परिसर

बालशिक्षिका प्रशिक्षण : तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांबरोबर काम करण्यासाठी दिले जाणारे शास्त्रीय व प्रात्यक्षिक शिक्षण. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी वस्तीच्या तालुक्यांत हे काम मुख्यतः अंगणवाडी सेविका करतात.

या प्रशिक्षणाची परंपरा याच जिल्ह्यातील आहे. ताराबाई मोडक (1892–1973) यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. सहकारी अनुताई वाघ (1910–1992) यांच्यासह त्यांनी पाड्यातल्या अंगणात बालवाडी नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली आणि बालसेविका घडवल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, पाने, माती यांतून शिकवणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते.

अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 मध्ये सुरू झाली. तीत शालापूर्व शिक्षणाला पूरक आहार, लसीकरण व आरोग्य तपासणीची जोड मिळाली. कुपोषणाने ग्रासलेल्या या तालुक्यांत ही जोड अत्यावश्यक आहे.

विद्यापीठीय स्तरावर हा विषय मानव विकास या शाखेत शिकवला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार बारावी उत्तीर्ण सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तर त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका अपेक्षित आहे. जव्हार-मोखाड्यात असे प्रशिक्षण मुलांच्या घरच्या बोलीतून सुरुवात करणारे असले पाहिजे.