सोपारें : बुजलेल्या बंदराची साक्ष

मुंबईच्या उत्तरेस नालासोपाऱ्याच्या स्थानकावर आगगाडींतून उतरणाऱ्या मनुष्यास, आपण एका पुरातन बंदरांत पाऊल ठेवीत आहों, अशी कल्पनाहि येत नाहीं. ज्या खाडीनें गलबतें आंत येत ती गाळानें बुजली, आणि बंदराबरोबर गांवाचा लौकिकहि बुजला. ग्रंथांत मात्र नांव उरलें. महाभारतांत शूर्पारकाचा उल्लेख आहे. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक ग्रंथांत भरुकच्छानंतर सोपारें व मग कल्याण अशा बाजारपेठा ओळीनें सांगितल्या आहेत. उषवदातानें येथें धर्मशाळा बांधल्याचें नाशिकच्या लेण्यांतील लेख सांगतो. परंतु ग्रंथांतील नांव निराळें, आणि प्रत्यक्ष जमिनीनें दिलेली साक्ष निराळी.

ही साक्ष इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं मिळविली. ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखलें जाणारें टेकाड त्यांनीं खणविलें, तों आंत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. मध्यभागीं दगडी पेटी; तींत आठ ब्राँझच्या मूर्ति, आणि एकांत एक बसविलेले तांब्याचे, रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे व सर्वांत आंत सोन्याचे करंडे. त्या सुवर्णकरंड्यांत काय असावें? मातीच्या भांड्याचीं तेरा खापरें! बुद्धाच्या भिक्षापात्राचे अंश म्हणून तीं जपलीं होतीं, असें पंडितजींचें अनुमान. पेटींतील नाणें दुसऱ्या शतकांतील यज्ञश्री सातकर्णीचें. मूर्ति मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकांतील ठरतात. म्हणजे कित्येक शतकांनंतरहि कोणा भाविकांनीं ती पेटी पुन्हां उघडून पूजिली होती. व्यापाराचें हें गांव श्रद्धेच्या बाबतींतहि दीर्घकाळ जागें होतें.

त्याच वर्षीं भातेला तलावाजवळ अशोकाच्या चौदा लेखांपैकीं आठव्याचा तुकडा सांपडला, आणि पुढें १९५६ सालीं जवळच्या भुईगांवांत नवव्याचा. दोन्ही खंडित, परंतु इतर ठिकाणच्या प्रतींवरून त्यांचा आशय पूर्ण कळतो. पूर्वीचे राजे मृगयेसाठीं विहारयात्रेस निघत, आपण धर्मयात्रेस निघालों, असें आठव्यांत अशोक सांगतो. आजारांत, विवाहांत, अपत्यजन्माच्या वेळीं व प्रवासास निघतांना लोक नानाविध मंगलविधि करतात. ते अल्पफळ होत, खरें मंगल तें धर्माचें, असें नवव्यांत आहे. चौदांपैकीं नेमके हेच दोन हातीं लागावे, हा केवळ योगायोग. तरीहि जेथें रोज कोणी ना कोणी समुद्रावर निघत असेल, तेथें प्रवासाविषयींचे हे शब्द ऐकणाऱ्यांच्या काळजास किती भिडले असतील! पाटलिपुत्राच्या राजानें इतक्या दूर आपले विचार कोरवावे, यावरूनच येथील वर्दळीची कल्पना येते.

पहिला तुकडा आणि दुसरा तुकडा यांमध्यें चौऱ्याहत्तर वर्षें गेलीं. उरलेल्या बारा लेखांचे तुकडे कोठें असतील? कदाचित् एखाद्या विहिरीच्या कांठीं, कदाचित् एखाद्या इमारतीखालीं. स्तूपाची जागा राखली म्हणजे बंदर राखलें, असें नव्हे. बंदर गांवभर पसरलेलें होतें, आणि त्या गांवावर आज घरें उभीं आहेत. तीं हलवा, असें कोणी म्हणणार नाहीं. आमचें मागणें इतकेंच कीं, पाया खणतांना अक्षरें कोरलेला दगड निघाल्यास तो भरावांत न टाकतां जाणत्यास दाखवावा. ज्याचें पाणीच नाहींसें झालें, त्या बंदराची कहाणी सांगण्यास आतां दगडच उरले आहेत.