हात लावून बघ

ट्रकचा मागचा शॉकअप गेलाय हे कसं ओळखायचं, असा प्रश्न कवीला कुणी विचारत नाही. पण माझं लहानपण चाचांच्या छोट्या ट्रकभोवती गेलं. खडबडीत रस्त्यावरून गाडी आली, की चाचा चाकाला दगड लावत, मला खाली बोलावत आणि म्हणत, “बेटा, दोन्हीकडं हात लावून बघ. थंडा पडलाय तो मेलाय.” या एका वाक्यात शंभर वर्षांचा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट यांनी १८०४ साली घोडागाडीच्या कमानी पाट्यांचं पेटंट घेतलं. पाट्यांनी हादरा सोसला, पण नवाच प्रश्न उभा केला. एकदा दबलेला पाटा झोपाळ्यासारखा वरखाली होत राहतो. घोड्याच्या चालीला ते चाललं, मोटारीच्या वेगाला चालेना. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या ट्रुफो यांनी कात्रीसारख्या दोन दांड्यांच्या सांध्यात चामड्याच्या चकत्या बसवल्या. त्या एकमेकींवर घासत आणि झोका थांबवत. अमेरिकेत हार्टफर्ड यांनी ही युक्ती मोटारींवर आणली. मग फ्रान्सच्याच उदाय यांनी घर्षणाचं काम तेलाकडे सोपवलं. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला शॉकअप नव्हते. १९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’ला मात्र तेलाचे शॉकअप होते. पुढे नळकांड्याचा शॉकअप आला. तोच आज आपण पाहतो.

आपल्याकडच्या अनेक जुन्या अवजड ट्रकांना मागं शॉकअप नसेच. पाट्यांची जाड चळत एकमेकींवर घासून झोका आवरायची. लहान आणि वेगवान गाड्यांना मात्र तो लागतो.

लक्षात घ्या, ओझं पाटा उचलतो, शॉकअप नव्हे. शॉकअप फक्त झोका थांबवतो. नळकांड्यातला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो, तेल अडवतं आणि झोक्याची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून काम करणारा शॉकअप कोमट लागतो, मेलेला गार. मोटारीचा कोपरा दाबून सोडण्याची परीक्षा इथं उपयोगाची नाही. ट्रकचे पाटे माणसाच्या वजनाला दाद देत नाहीत.

हात लावण्याआधी डोळ्यांनी पाहावं. नळकांड्यावर तेलाचा पुसट ओलावा चालतो, ओघळ चालत नाही. टोकांचे रबरी बुश फाटलेत का, दांडा वाकलाय का, टायरवर ठरावीक अंतरानं खळगे पडलेत का, हेही बघावं. मग आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग अजमावावी. सायलेन्सर आणि ब्रेकचे ड्रम शेजारीच तापलेले असतात. दोन्ही बाजूंत ठळक फरक लागला, तर गार बाजूचा संशय धरावा. दोन्ही गार लागले, तर दोन्हींचा.

एका पावसाळ्यात मागचा डावा शॉकअप गार लागत होता. पैशांची ओढ होती, चाचांनी तो पुढच्या खेपेवर ढकलला. रिकामी गाडी घेऊन आंबा घाट उतरताना त्यांनी ब्रेक दाबला आणि मागची चाकं उड्या मारू लागली. वर उडालेलं चाक रस्ता धरत नाही, मग ब्रेक कशाला धरणार? भरलेली गाडी निदान वजनानं रस्त्याला दबून असते, रिकामीला तेवढाही आधार नाही. कठड्याला घासत गाडी थांबली. चाचा पायी वर आले, चहाच्या टपरीवर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आठवड्याभरात उसनवारी करून त्यांनी दोन्ही बाजूंचे शॉकअप बदलले. एकच का नाही, असं मी विचारलं. “जोडी असते बेटा,” ते म्हणाले, “एक नवा, एक थकलेला, असं ठेवलं तर गाडी सरळ चालत नाही.”

पुढच्या खेपेहून ते परतले, तेव्हा न बोलावताच मी गाडीखाली शिरलो. दोन्हीकडं हात लावला. दोन्ही कोमट होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)