कागदाबाहेरचे संगीत : स्ट्राइड पियानोची परंपरा
'स्ट्राइड' शैलीत डावा हात खर्जाचा स्वर व मधल्या सप्तकातील स्वरमेळ यांच्यामध्ये ढांगा टाकीत ताल धरतो, तर उजवा हात धून फुलवितो. जेम्स पी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली 'कॅरोलायना शाउट' ही या शैलीची प्रमाणभूत रचना होय. तरुण ड्यूक एलिंग्टन ती शिकले, ते यांत्रिक पियानोची गती मंद करून व आपोआप दबणाऱ्या पट्ट्यांचा मागोवा घेऊन. मुंबईत हे वादन प्रत्यक्ष सहवासातून रुजले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ताजमहाल हॉटेलात अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांच्या वाद्यवृंदात फ्रँक फर्नांड हे गोमंतकीय वादक होते. गोव्यातील चर्चशाळांनी अशा वादकांना स्वरलिपी दिली होती. उत्स्फूर्त विस्तार मात्र कानांनीच आत्मसात करावा लागला. केवळ छापील स्वरलिपीवर विसंबणारा इतिहासकार या परंपरेचा गाभाच गमावील.