बर्लिनचे वर्धापनोत्सव

जर्मनीतील बर्लिन शहराच्या पहिल्या लेखी उल्लेखाच्या स्मरणार्थ होणारे नागरी उत्सव. शहरातील जुन्या वास्तूंचे रस्त्यावर, सर्वांना पाहता येईल असे दर्शन घडवणे हे त्यांचे ठळक अंग आहे.

मध्ययुगात श्प्रे नदीतील बेटावर क्योल्न आणि समोरच्या काठावर बर्लिन अशी जुळी गावे होती. २८ ऑक्टोबर १२३७ च्या दस्तऐवजात क्योल्नच्या धर्मगुरूचे नाव आढळते. बर्लिनचा पहिला उल्लेख १२४४ चा आहे. वर्धापनासाठी यांतील आधीचे वर्ष धरतात. १९३७ मध्ये सातशेवा वर्धापनदिन नाझी राजवटीत, मिरवणूक आणि ऑलिंपिक स्टेडियममधील भव्य प्रयोग यांनी साजरा झाला.

१९८७ मध्ये साडेसातशेव्या वर्षी शहर दुभंगलेले होते. त्यामुळे दोन स्वतंत्र उत्सव झाले. पूर्व बर्लिनने युद्धात उद्ध्वस्त झालेला निकोलाय चर्चभोवतीचा मूळ वस्तीचा भाग वास्तुविशारद ग्युंटर श्टान यांच्या आराखड्यानुसार नव्याने उभारला. काही घरे जुन्या धर्तीवर बांधली गेली. बाकीच्यांसाठी कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे स्लॅब वापरून वर त्रिकोणी माथ्यांच्या दर्शनी भिंती दिल्या. ‘त्सुम नुसबाउम’ ही जुनी खानावळ मुळात जवळच्या बेटावर होती; तिची प्रतिकृती या वस्तीत उभी राहिली. एफ्राइम प्रासाद १९३६ च्या सुमारास रस्ता व पूल रुंद करताना उतरवला गेला होता. त्याच्या दर्शनी भागाचे दगड पश्चिम बर्लिनमध्ये पडून होते. ते पूर्वेकडे सोपवल्यावर मूळ जागेपासून थोड्या अंतरावर प्रासाद पुन्हा जोडण्यात आला. ४ जुलै १९८७ रोजी निघालेल्या मिरवणुकीत शहराचा इतिहास चित्ररथांतून मांडला गेला. १९५० मध्ये शहरातील राजवाड्याचे अवशेष पाडणाऱ्या पूर्वेकडील राजवटीनेच आता जुन्या शहराचा वारसा सांगितला, हा बदल लक्षणीय होता.

पश्चिम बर्लिनने जुने पुन्हा बांधण्याऐवजी कुरफ्युर्स्टेनडाम व लगतच्या टाउएंत्सीनश्ट्रासेवर आधुनिक शिल्पांची रांग उभी केली. त्यांतील ब्रिगिट आणि मार्टिन माचिन्स्की-डेनिंगहॉफ यांचे ‘बर्लिन’ हे शिल्प तुटलेल्या साखळीच्या कड्यांसारखे आहे: चकचकीत पोलादी नळ्या परस्परांजवळ येतात, पण जुळत नाहीत. त्यांच्यामधून कैसर विल्हेल्म स्मारक चर्चचा युद्धात भग्न झालेला मनोरा दिसतो. वोल्फ फोस्टेल यांनी काँक्रीटमध्ये रुतवलेल्या कॅडिलॅक मोटारींवर बरीच टीका झाली.

एकीकरणानंतर २०१२ मध्ये ७७५ वे वर्ष साजरे झाले. श्लॉसप्लाट्झ या चौकात शहराचा १:७७५ या प्रमाणातला प्रचंड नकाशा जमिनीवर अंथरला होता. लोक त्यावरून चालत आपापली वस्ती शोधत. स्थलांतरितांनी घडवलेले शहर हा त्या नकाशाचा विषय होता. कोणत्या वास्तू आणि कोणते लोक मांडायचे, याची निवड प्रत्येक उत्सवात तत्कालीन राजकीय धोरणाप्रमाणे बदलत गेली.