तळ्यावरून उडणारी जहाजे

सरफोजीमहाराजांनी समुद्रकाठी उभारलेल्या मनोऱ्याजवळ गेले की आम्हां तंजावरकरांना गलबतेच आठवतात. परंतु पाण्यावरून आकाशात जाणाऱ्या गलबतांचाही एका मराठी दौलतीशी संबंध आला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

ही इंपीरियल एअरवेजची उडती जहाजे. १९३८ च्या सुमारास इंग्लंडहून निघालेले विमान कराची, राजसमंद, शिंद्यांचे ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता असे पाण्यापाण्याने रंगूनकडे जाई. धावपट्टीचा खर्च नको. तळे पुरेसे लांब व खोल असले म्हणजे झाले. विमानाच्या पोटाखाली एक पायरी असे. वेग वाढला की पाण्याची पकड तेथे सुटे आणि विमान उठे. गंमत अशी की, आरशासारखे शांत पाणी वैमानिकाला नकोसे वाटे, कारण पृष्ठभाग किती खाली आहे हे डोळ्यांना उमगत नसे.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून अर्ध्या औंसाचे पत्र दीड पेनीत इंग्लंडहून हिंदुस्थानात विमानाने येऊ लागले. घरच्या पत्रासाठी आठवडे मोजणाऱ्यांना त्याचे मोल आम्ही काय सांगावे!

युद्धात, १९४२ पासून, मद्रासजवळच्या रेडहिल्स तलावावर, म्हणजे शहराच्या पिण्याच्या पाण्यावरच, कॅटालिना विमाने उतरू लागली. बंगालच्या उपसागरावर पहारा हे त्यांचे काम. लढाई संपेतो जागोजाग लांब धावपट्ट्या झाल्या होत्या, आणि १९५० मध्ये इंपीरियलच्या वारस कंपनीने, बीओएसीने, उडत्या जहाजांची सेवा बंद केली. रेडहिल्सचे पाणी चेन्नईकर आजही पितात.