लीजनचा ताप

एका थंड ठाण्यावर पोस्टिंगला असताना बराकीतल्या बॉयलरचं पाणी आम्ही कोमटच ठेवायचो. वीज वाचायची. आमचे सुभेदार साहेब मात्र हटकायचे, "अरे, पाणी नीट तापवा. कोमट पाण्यात जंतू वाढतात." आम्ही हसण्यावारी न्यायचो. पुढे फिलाडेल्फियाची हकीकत वाचली आणि साहेब आठवले.

जुलै १९७६. 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं पेनसिल्व्हेनिया शाखेचं अधिवेशन तिथल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात भरलं होतं. जुने सोबती भेटले, गप्पा रंगल्या, मंडळी घरी परतली आणि तापाने फणफणली. पाठोपाठ न्यूमोनिया. या साथीत ३४ जण दगावले, त्यांत बहुतेक लीजनचेच. लढाईतून सुखरूप परतलेली माणसं हॉटेलातल्या मुक्कामाने गेली.

आधी फ्लूचा संशय आला, मग विषाचा. अखेर जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने जंतू शोधला. त्याला नाव मिळालं लीजनेला, त्या सैनिकांवरूनच. तिथे संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता. पण हाच जंतू इमारतींच्या गरम पाण्याच्या टाक्यांत आणि नळांतही मुक्काम ठोकतो, हे पुढे इस्पितळांतल्या साथींनी दाखवलं.

त्याची आवडती जागा म्हणजे साधारण २० ते ४५ अंशांचं साचलेलं पाणी आणि पाइपातला गंज, क्षार, शेवाळी थर. शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात शिरतो. वयस्कर आणि धूम्रपान करणाऱ्यांना धोका जास्त.

बंदोबस्त साधाच आहे. टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवायचं, नळापर्यंत ते किमान ५० अंशांनी पोहोचलं पाहिजे. भाजू नये म्हणून थंड पाणी नळाजवळच मिसळायचं. न वापरलेले नळ दर आठवड्याला वाहते करायचे, टाकीचा गाळ काढायचा.

तरीही २०१५ मध्ये इलिनॉय राज्यात क्विन्सी इथल्या माजी सैनिकांच्या निवासात याच रोगाने १२ वृद्ध गेले. शोध लागून तेव्हा ३८ वर्षं झाली होती. माहिती असणं वेगळं, रोज पहारा ठेवणं वेगळं. हे आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको.

साहेबांना तेव्हा हसलो होतो. आता कुठल्याही विश्रामगृहात उतरलो की आधी नळ चांगला वाहू देतो, मगच आंघोळीला जातो.