सुधारकांच्या घरातील सुधारणा

अमेरिकेतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात 'इव्हँजेलिकल' नावाचा जो मोठा प्रवाह आहे, त्याचा सारा भर बायबलचे प्रामाण्य, क्रूसावरील बलिदान, अंतःकरणाचे परिवर्तन आणि सुवार्तेचा प्रसार यांवर आहे. देवळाच्या परंपरेत वाढलेल्या आम्हांस हा प्रवाह ठाऊक होतो तो बहुधा धर्मांतराच्या वादातून. त्याच्या स्वतःच्या घरात गेल्या तीसएक वर्षांत जी भांडणे झाली, त्यांची वार्ता आपल्याकडे क्वचितच पोहोचते.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही तरुण पाळक प्रस्थापित महाचर्चांना विटले. व्यासपीठ, दिव्यांचा झगमगाट आणि गिऱ्हाईक जमविण्याची व्यापारी हातोटी यांत भक्ती कोठे राहिली, असा त्यांचा प्रश्न होता. यातून 'इमर्जिंग चर्च' ही चळवळ निघाली. ब्रायन मॅक्लारेन यांच्या २००१ च्या पुस्तकाने तिला वाचा दिली. मिनियापोलिसच्या 'सॉलोमन्स पोर्च' या मंडळीने बाके काढून वर्तुळात कोच मांडले व उपदेशाच्या जागी संभाषण आणले. कित्येक ठिकाणी मेणबत्त्या, मौन आणि पवित्र चित्रे परत आली. १५२४ साली झूरिचच्या नगरसभेने चर्चमधील प्रतिमा हलविण्याचा हुकूम काढला होता. पावणेपाचशे वर्षांनी त्याच परंपरेचे वारस दीप लावू लागले, हे पाहून आम्हांस मौज वाटली आणि आनंदही झाला.

मॅक्लारेन यांनी पुढे, २०१२ साली, अन्यधर्मीयांशी सलोख्याने वागणाऱ्या ख्रिस्ती अस्मितेवर पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकात येशूबरोबर मोझेस, बुद्ध आणि महंमद रस्ता ओलांडतात. आपल्या राम-कृष्णांपैकी मात्र कोणी त्या रस्त्यावर नाही. असो.

याच मंडळींत आरंभी वावरणारे मार्क ड्रिस्कॉल यांनी लवकरच फारकत घेतली आणि ते कॅल्विनच्या कठोर मताकडे वळले. या नव्या कॅल्विनवादाला 'टाइम' साप्ताहिकाने २००९ साली जग बदलणाऱ्या दहा कल्पनांत स्थान दिले. एका शाखेने सिद्धांत सैल केला, दुसरीने आवळला. सुधारक म्हणवून घेण्याचा हक्क मात्र दोघींनीही सोडला नाही.

वकिली पेशामुळे आमची नजर सिद्धांतापेक्षा घटनेकडे अधिक जाते. १९९६ साली सिएटल येथे निघालेल्या ड्रिस्कॉल यांच्या 'मार्स हिल' चर्चने २००७ साली आपले नियम बदलून सत्ता मोजक्या वडिलांच्या हाती एकवटली. त्याच सुमारास दोन वडिलांना नोकरीवरून काढण्यात आले. महाजनांच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातील मर्म समजावून सांगावयास नको. पुढे दर आठवड्याची उपस्थिती बारा हजारांवर गेली. परंतु आवर घालणारे कोणी उरले नव्हते. सहकाऱ्यांशी अरेरावीने वागल्याच्या तक्रारी वाढल्या, ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला आणि वर्षअखेरीस ती संस्थाच विसर्जित झाली.

उलट सैल शाखेला बांधून ठेवणारे असे काही नव्हतेच. ती कोसळली नाही, विरून गेली. तिचे सौजन्य आम्हांस प्रिय आहे, तरी केवळ संभाषणावर देवस्थान चालत नाही, हेही आम्ही जाणतो. कठोर शाखेची शिस्त आम्हांस पटते. त्या शिस्तीतून पाळक तेवढा सुटतो, हे पटत नाही.

ड्रिस्कॉल यांनी २०१६ साली ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे नवे चर्च काढले. तेथील उपदेश ऐकण्यापूर्वी आम्ही त्याचे नियम वाचावयास मागू.